गोधडीचे ब्लॉक तेराच झालेत. एक काढायचा, तीन वाढवायचे, की तेराचंच जमवायचं?

शेवंती

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई एप्रिलमध्ये निवृत्त होतायत. शाल-श्रीफळ नको, गोधडी देऊ असं ठरलं आणि ज्यांना हौस आहे त्यांनी एकेक ब्लॉक, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेला चौकोन, शिवून आणायचा असं झालं. माप सगळ्यांना एकच दिलं होतं, तयार बारा इंच. म्हणजे चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिवण धरून साडेबारा. ब्लॉक आले तेरा.

आता स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, एक ब्लॉक बाजूला काढा आणि तीन बाय चार सरळ लावून मोकळ्या व्हा. दुसऱ्याचं म्हणणं, अजून तीन शिवा आणि चार बाय चार करा. मला दोन्ही पटत नाही. तेरा हातांनी केलंय तर तेराही दिसायला हवेत, आणि भरतीला म्हणून घाईत शिवलेले तीन ब्लॉक गोधडीत लांबूनसुद्धा ओळखू येतात.

शिवाय विषम आकड्याला मधला असतो. चार बाय चारमध्ये मध्यभागी काय येतं? चार ब्लॉकांच्या कोपऱ्यांची गाठ. नजर तिथे टेकत नाही, सरळ घरंगळून काठावर जाते.

तेरासाठी माझ्या मनातली मांडणी अशी: ब्लॉक कर्णावर उभे करायचे, शंकरपाळ्यासारखे. वरून खाली तीन-दोन-तीन-दोन-तीन. शिवताना मात्र तिरक्या रांगा होतात एक, तीन, पाच, तीन, एक. कडेच्या खाचा भरायला आठ मोठे त्रिकोण आणि कोपऱ्यांना चार छोटे. बारा इंची ब्लॉकचा कर्ण सतरा इंच, सतरा त्रिक एक्कावन्न. एक्कावन्न इंची चौरस तयार होतो, त्याला हवा तेवढा काठ लावा.

तुमचं मत सांगा. शनिवारी जोडायला बसायचंय.

पाटलीणबाई

मत सांगते, राग मानू नका. गोधडी मोजून शिवायची वस्तूच नाही. आमच्याकडे जुनं लुगडं, धोतर, परकराचे तुकडे, जे असेल ते पसरायचं, वर धडसा काठ बघून पातळ लावायचं, आणि काठाकडून आत आत धावदोरा घालत यायचं. विरलं तिथे ठिगळ. ठिगळाला कुणी विचारतं का, बाई तू सम की विषम?

सरळ सांगायचं तर, तेरा ब्लॉक जमिनीवर टाका, मधल्या जागा मिळेल त्या तुकड्यांनी भरा. बाई चित्रकलेच्या आहेत ना? त्यांना तेच आवडेल.

शेवंती

@पाटलीणबाई, राग कसला. पण ठिगळांच्या गोधडीत प्रत्येक तुकडा बाजूच्या तुकड्यावर थोडा चढतो, म्हणून कमी-जास्त खपतं. इथे तेरा जणींनी मापात शिवलेले चौकोन आहेत. ते कडेला कडा लावूनच जोडायचेत. एकात अर्ध्या इंचाची फट राहिली की पुढची सगळी रांग तिरकी जाते.

चिमटा

काय एवढं डोकं लावताय. बारा लावा, तेरावा पाठीला अस्तरावर लावा. त्यावर निवृत्तीची तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. उलटल्यावर छान वाटतं. परदेशातल्या रजयांवर पाठीला नावाची चिठ्ठी शिवतात, तसंच हे.

शेवंती

आणि पाठीला कुणाचा लावू? तुम्ही येऊन सांगता का आमच्या स्टाफरूममध्ये? :)

चिमटा

चिठ्ठ्या टाका.

कोल्हापुरी_मिरची

मला वाटतं सगळेजण मूळ मुद्दा टाळताय. तेरा! साठीच्या जवळ आलेल्या बाईंना तेरा तुकड्यांची गोधडी? आमच्या सासूबाईंनी ऐकलं तर पहिला शब्द निघेल, "तेरावं कुणाचं गं?" पाच करा, सात करा, अकरा करा, आहेराला आपण अकरा-एकावन्न देतोच की, विषम शुभच. पण तेरा नको. एक चौदावा शिवा नि प्रश्न मिटवा.

चिमटा

मिरचीताईंना +१. (मी अंधश्रद्धाळू नाही, पण घेणाऱ्याच्या घरी म्हातारी माणसं असतात.)

पाटलीणबाई

पांघरूण घेऊन मोजतंय कोण? थंडीत दात वाजत असताना आकडा आठवत नाही कुणाला.

गणिती_काका

तेराव्याचं मी काही बोलत नाही, पण आकडा म्हणून तेरा फार गुणी आहे. लागोपाठच्या दोन आकड्यांच्या वर्गांची बेरीज केली की कर्णावरची चौरस मांडणी बसते: १ + ४ = ५, ४ + ९ = १३, ९ + १६ = २५, १६ + २५ = ४१. शेवंतीताईंची तीन-दोन-तीन-दोन-तीन म्हणजे ९ + ४. एकही वाया नाही, एकही कमी नाही. बारा किंवा चौदा ब्लॉकांचा असा चौरस होत नाही. चौदाचं फार तर सात-सातच्या दोन रांगांचं लांबट काहीतरी होईल, नाहीतर कर्णावर पाच-चार-पाच. तेही अरुंदच.

आता गंमत बघा. पाच बाय पाचचा बुद्धिबळासारखा पट घ्या. चारी कोपरे काळे धरले तर काळी घरं तेरा आणि पांढरी बारा. काळ्या घरांत ब्लॉक, पांढऱ्यांत साधं कापड. ब्लॉकांच्या जागा शेवंतीताईंच्या मांडणीतल्याच आहेत, फक्त ब्लॉक सरळ उभे आहेत आणि मधली फट साध्या चौकोनाने भरली आहे. बारा इंचांनी साठ बाय साठ होतं. साध्या चौकोनांचे साडेबारा इंची बारा तुकडे ४४ इंची पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) तीन-तीन करून निघतात, दीड मीटर कापड आणा.

चिमटा

बारा कोरे चौकोन! निम्मी गोधडी रिकामी. चादरच घ्या मग.

गणिती_काका

रिकामी नाही हो. हाताने धावदोरा घालायला जागा तिथेच मिळते. छापील, गजबजलेल्या ब्लॉकवर टाके दिसतच नाहीत.

न्यूजर्सीकर

माझा शेवंतीताईंना विरोध आहे, पण आकड्यावरून नाही. मला एवढंच सांगा, तुमच्या तेरा ब्लॉकांत दिशा असलेले किती? घर, झाड, माणूस, अक्षर, दिवा? कर्णावर उभं केलं की चौकोनी भूमितीचा ब्लॉक खुलतो, पण घर कलतं. आमच्या ग्रुपमध्ये अशीच एक रजई होती, चहाच्या किटल्यांची. सगळ्या किटल्या ओतायच्या बेतात.

इथून दोनेक तासांवर लँकेस्टरला आमिश लोकांच्या (जुन्या चालीने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) जुन्या रजया बघायला मिळतात. त्यांचा प्रसिद्ध नमुना म्हणजे मधोमध एकच मोठा चौरस कर्णावर उभा आणि भोवती पट्ट्या. तो का शोभतो? त्यात चित्र नसतं, नुसतं गडद सपाट कापड असतं.

चित्रं असतील तर माझी सूचना: तीन उभ्या रांगा, चार-पाच-चार. मधल्या रांगेत पाच ब्लॉक, साठ इंच. बाजूच्या रांगांत चार-चार, म्हणजे अठ्ठेचाळीस. वर-खाली सहा-सहा इंचाची पट्टी लावली की साठ. अशा पट्ट्या फक्त चार लागतात, कापताना साडेसहा बाय साडेबारा. बाजूचे ब्लॉक मधल्यांच्या अर्ध्यावर येतात, विटांच्या भिंतीसारखे. रांगांच्या मधे सहा इंची दोन पट्ट्या घातल्या तर अठ्ठेचाळीस बाय साठ, भोवती सहाचा काठ दिला की साठ बाय बहात्तर. दिवाणावर पांघरायला पुरतं. तुमच्या एक्कावन्न चौरसात पाय बाहेर राहतील.

शेवंती

दिशा असलेले तीन आहेत: शाळेची घंटा, समई आणि इतिहासाच्या बाईंचा वारली नाच. वारलीचं काही बिघडत नाही, फेर धरलेलाच आहे, गोल कसाही फिरवा. घंटा कलली तर वाजतेय असं वाटेल. समईचं मात्र खरं आहे, कललेली समई मलाच बघवणार नाही.

पण पायाचं म्हणाल तर निवृत्त बाईंना पलंगाला पांघरूण कमी नाहीये. ही खुर्चीत मांडीवर घेऊन बसायला आहे. चौरसच हवी.

न्यूजर्सीकर

एका समईसाठी मांडणी बदलायची नसेल तर समईवालीला सांगा ब्लॉक उसवून पंचेचाळीस अंशात फिरवून शिव. :) बघा ऐकते का.

मुक्ता_धारवाड

थोडं विषयांतर. आमच्या बाजूला हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. जुन्या कपड्यांचे तुकडे एका कोपऱ्यापासून लावत काठाकाठाने फिरत मध्यापर्यंत येतात, तुकडे लावणं आणि टाके घालणं एकदमच चालतं. आधी मांडणी कागदावर नाही, मोजणी तर नाहीच. आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांची 'फुलं' हवीच. म्हणजे कोपरे ठरलेले आणि मध्यभाग जे होईल ते. इथे सगळे मधल्या ब्लॉकवरून भांडताय, तिथे मध्य सगळ्यात शेवटी येतो.

पाटलीणबाई

बघा! मी काय म्हणत होते.

न्यूजर्सीकर

@पाटलीणबाई, उत्स्फूर्त म्हणजे मांडणी नाही असं नसतं. अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या रजया २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या. जुन्या कामाच्या पँटी, पिठाच्या पिशव्या, असलं कापड. त्यांचा 'हाउसटॉप' नमुना मधल्या एका तुकड्याभोवती पट्ट्या फिरवत वाढतो. रेषा वाकड्या आहेत, पण मध्य कुठे आहे ते लांबूनही कळतं.

चिमटा

मध्य मध्य करताय, तर मध्ये कुणाचा ब्लॉक? मुख्याध्यापिकांचा? मग बघा तेराच्या बारा कशा होतात. चार बाय चार त्यासाठीच बरं, सगळ्या सारख्या.

शेवंती

यावर आमच्याकडे चर्चा झालीय. मध्ये पदाने कुणी बसणार नाही. तेरापैकी एकच ब्लॉक गडद आहे, इरकलीच्या तुकड्यांचा, जांभळा. बाकी बरेचसे पिवळट-गुलाबी. सगळे चादरीवर पसरून स्टुलावर उभं राहून फोनवर कृष्णधवल फोटो काढला, तर तो एकटा काळा ठिपका दिसतो. कुठेही कोपऱ्यात लावला तर गोधडी त्या बाजूला कलते. मध्ये ठेवला की बरोबर. तो शिवणारी आमच्या ऑफिसातली क्लार्क आहे, शिक्षिका नाहीच. तिला आवडलं, बाकीच्यांना बोलायला जागा नाही.

कोल्हापुरी_मिरची

हे आवडलं. पण तेराचं मला अजून पटलेलं नाही. कोपऱ्याच्या चार छोट्या त्रिकोणांत काहीतरी भरतकाम तरी करा, म्हणजे मोजणाऱ्याला सतरा मोजता येतील.

सई_शिवणकाम

कुणीच न विचारलेलं सांगते, कारण शनिवारी हेच नडणार आहे. कडेचे त्रिकोण कसे कापणार? बारा इंची चौकोन अर्धा करून कापलात तर दोन चुका एकदम: शिवणीला जागा राहत नाही, आणि त्रिकोणाची लांब बाजू, म्हणजे गोधडीची बाहेरची कड, उरेब (धाग्याला तिरकी) येते. ती ओढली की ताणते. काठ लावून झाल्यावर गोधडी जमिनीवर पापडासारखी फुगते.

सव्वाअठरा इंचाचा चौकोन घ्या आणि दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करा. आता लांब बाजूला कापडाचा सरळ धागा आला, उरेब आत ब्लॉकला शिवली गेली. आठ त्रिकोणांना असे दोन चौकोन. कोपऱ्यांसाठी नऊ इंच तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) हवेत, तुम्ही साडेनऊ कापा आणि एकाच कर्णावर अर्धे करा. तेही दोन. जादाचं नंतर छाटता येतं. सगळं मिळून ४४ पन्ह्याचं पाऊण मीटर.

छाटताना ब्लॉकच्या टोकापासून पाव इंच सोडून छाटा, नाहीतर काठ शिवताना सगळी टोकं शिवणीत गडप. जुन्या साडीचं कापड असेल तर आधी कांजी करून इस्त्री करा, मऊ सुताला हातात धरवत नाही. आणि एका रांगेच्या शिवणी डावीकडे दाबल्या तर पुढच्या रांगेच्या उजवीकडे, म्हणजे जोड एकमेकांत अडकून बसतात.

शेवंती

@सई, पाऊण मीटरचा हिशोब लिहून घेतला. कापड कोणतं घेऊ? गडद की ब्लॉकांसारखं फिकं?

सई_शिवणकाम

मधला जांभळा आहे ना? त्रिकोणही त्याच रंगाचे घ्या, एखादी छटा फिकी चालेल. फिक्या ब्लॉकांना धार येईल आणि मधला एकटा पडणार नाही.

चिमटा

माझं मत कायम आहे. बारा आणि एक पाठीला. पण त्रिकोणांचं सईताईंनी सांगितलेलं खरं, हे मी माझ्या रजईसाठी उचलतोय.

आर्या_ठाणे

माझ्याकडे दहा इंची सतरा आहेत, मुलीच्या जुन्या फ्रॉकांचे. त्यावर गाड्या-ससे छापलेत, तिरके करता येणार नाहीत. सतराचं काही होतं का?

न्यूजर्सीकर

होतं. पाच उभ्या रांगा, तीन-चार-तीन-चार-तीन. तीनच्या रांगांना वर-खाली पाच इंची पट्ट्या, अशा सहा. कापताना साडेपाच बाय साडेदहा. चाळीस उंच, पन्नास रुंद. लांबट हवी असेल तर वर-खाली जास्त काठ लावा.

कोल्हापुरी_मिरची

सतराला माझी काही हरकत नाही.