शब्द हवा: बोलिंगमधल्या 'ब्रोकन रिस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

फाउललाईन:
टेनपिन बोलिंगच्या नवख्या खेळाडूंसाठी मराठीत टिपण लिहितोय. मनगटाच्या तीन अवस्थांपाशी अडलोय: कप्ड, फ्लॅट आणि ब्रोकन. कप्डमध्ये पंजा आत वळलेला असतो आणि बॉल तळहातावर विसावून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो. फ्लॅटमध्ये पंजाची पाठ आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत, त्याला 'सरळ' चालेल. ब्रोकनमध्ये बॉलच्या वजनाने पंजा मागे झुकतो. 'मनगट मोडू देऊ नका' असं लिहिलं, तर मजकूर तपासणाऱ्याने विचारलं की हा भाग दुखापतींचा आहे का. दुसरा शब्द सुचवा. 'रिलीज'साठी 'बॉल सोडणे' लिहिलंय, त्यावरही मत हवंय.

सातवीपिन:
'मनगट पडणं' लिहा. खांदा पडतो, मान पडते, तसं मनगट पडतं. त्यात कारणही आपोआप येतं: पेलवत नाही म्हणून पडतं. बॉल जड असेल, तर तो एक-दोन पाउंडांनी हलका घ्यावा. अंगठ्याचं भोक सैल असेल, तर बॉल निसटू नये म्हणून माणूस अंगठ्याने आवळतो. अंगठा आवळला की तो वेळेवर बाहेर येत नाही आणि बॉल हात मागे ओढतो. मॉलमधल्या बॉलची भोकं सगळ्यांना चालावीत म्हणून मोठी ठेवलेली असतात, तिथे हे हमखास दिसतं. स्वतःचा बॉल असेल तर भोकात टेपची एकेक पट्टी वाढवत जावं आणि खेळता खेळता अंगठा सुजला की एक काढावी.

तत्सम:
'पडणं' ढोबळ आहे. कप्डला 'अंतर्नत', ब्रोकनला 'बहिर्नत' असे नेमके शब्द घडवता येतात. टिपण छापायचं आहे, बोलायचं नाही.

सातवीपिन:
छापलेलंच उद्या लेनवर, म्हणजे बॉल जिथून घरंगळतो त्या पट्टीपाशी, बोललं जाईल. चार पावलांची चाल दोन-तीन सेकंदांत संपते. मागून 'पडतंय!' असं ओरडता येतं, 'बहिर्नत होतंय!' असं नाही. शिवाय मनगट पडणं हा दर वेळी दोष नसतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याला कोपऱ्यातली 10 नंबरची पिन घ्यायची असेल, तर बॉल वळायला नको असतो. तेव्हा मनगट मुद्दाम थोडं मागे ठेवतात, बॉलला फेरे कमी मिळतात आणि तो सरळ जातो. म्हणून मी 'पडलेलं' आणि 'पाडलेलं' असे दोन्ही शब्द ठेवीन.

विटीदांडू:
कप्डला 'पसा' का नको? हाताचा पसा करून बॉल धरायचा. चित्र लगेच डोळ्यांसमोर येतं.

गोधडी:
पसा दोन्ही हातांचा असतो. एका हाताची ती 'वाटी'.

विटीदांडू:
दोन्ही हातांची ओंजळ. पसा एकाच हाताचा, आमच्याकडे तरी भिक्षेकऱ्याला पसाभर धान्य एका हातानेच घालतात.

गोधडी:
आमच्याकडे पसाभर म्हणजे दोन्ही हात जोडून. प्रांताप्रांतात फरक असेल, पण मग शिकवायच्या टिपणात तो शब्द नकोच.

फाउललाईन:
'वाटी' घेतो. पण 'वाटी घट्ट धरा' असा अर्थ कुणी काढायला नको. हाताचा पुढचा भाग ताठ केला की झोका आखडतो आणि खांदा वर उचलला जातो.

लंबक:
म्हणूनच 'सोडणे'ला माझा विरोध आहे. सोडणे ही करणाऱ्याची क्रिया, सुटणे ही आपोआप होणारी. चांगल्या रिलीजमध्ये बॉल सुटतो. हात लंबकासारखा खाली येतो, बॉल सरकत्या पायाच्या घोट्याच्या बाजूला पोचतो तेव्हा वाटी उलगडू लागते, आधी अंगठा सुटतो, बॉलचं वजन क्षणभर मधल्या बोटावर आणि अनामिकेवर येतं आणि मग ती दोन बोटं त्याला फिरवत निघतात. फेरे त्याच क्षणात मिळतात. ज्याला 'सोड' सांगितलं तो तिन्ही बोटं एकदम उघडतो. मग बॉल धप्पकन पडतो आणि वळतच नाही.

घड्याळाच्या भाषेत, उजव्या हातासाठी: बॉल सरळ न्यायचा तर अंगठा 12 वर आणि बोटं 6 वर. वळवायचा तर सुटताना अंगठा 10-11 च्या आसपास, बोटं 4-5 वर. बोटं 3 च्या पुढे गेली तर पंजा बॉलच्या वर येतो आणि फेरे जातात.

गोलंदाज:
क्रिकेटमध्ये आपण चेंडू 'टाकतो'. 'गोलंदाज' मुळात तोफेचा गोळा डागणारा, फारसीतला 'अंदाज' फेकण्याचाच. मग इथे 'बॉल टाकणे' का नको? मराठी माणसाच्या तोंडी तेच येतं.

लंबक:
तोंडी येतं आणि हातातही येतं, अडचण तीच आहे. 'टाका' म्हटलं की क्रिकेटची सवय असलेला माणूस मनगटाला झटका देतो. मनगटी फिरकीत तो लागतो, पण तिथला चेंडू साडेपाच औंसांचा. इथला बॉल 16 पाउंडांपर्यंत जातो. झटका दिला की पंजा वरून फिरतो, कोपर बाहेर जातं आणि मनगट दुखतं.

तत्सम:
वळवायचाच कशाला? सरळ बॉलनेही पिना पडतात.

सातवीपिन:
पडतात, पण स्ट्राइकची, म्हणजे एकाच बॉलमध्ये दहाही पिना पडण्याची, शक्यता घटते. उजव्या हाताने खेळताना 1 आणि 3 नंबरच्या पिनांमध्ये बॉल साधारण 6 अंशांनी शिरणं सगळ्यात चांगलं. लेन पहिल्या पिनेपर्यंत 60 फूट आणि रुंदी साडेएक्केचाळीस इंच. अगदी लेनच्या बाजूच्या गटाराच्या (खाचेच्या) कडेवरून सरळ सोडला तरी कोन जेमतेम दीड अंशाचा होतो. उरलेला कोन वळण्यातूनच येणार.

विटीदांडू:
'सरळ सोडला'! तुम्हीही 'सोडला'च म्हणालात.

सातवीपिन:
वाक्यात 'सोडणे' येणारच, तो काढून मराठी लिहिता येणार नाही. सूचना देताना 'सुटू द्या', वर्णनात 'सोडला', एवढाच भेद मी करीन.

फाउललाईन:
सराव असा लिहिलाय, शब्द तपासा: 'रेषेजवळ उजवा गुडघा टेका, डावा पाय पुढे. हलका बॉल घ्या, फक्त झोका द्या. बॉलवर रंगीत टेपची पट्टी लावा, म्हणजे तो कसा फिरतोय ते दिसेल. अंगठा आधी सुटतोय ना, एवढंच पाहा. बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत घाला.'

गोधडी:
पेर म्हणजे दोन सांध्यांमधला भाग, उसाचं असतं तसं. सांधा म्हणायचंय की भाग?

लंबक:
आणि पहिलं कुठून? पेरांवर जप करणारा तळहाताकडूनही मोजतो. फिंगरटिप बॉलमध्ये बोटं टोकाकडच्या पहिल्या सांध्यापर्यंत जातात, साध्या बॉलमध्ये दुसऱ्या. साध्यात बोटं खोल असल्याने बॉल फिरवायला तेवढी मोकळी राहत नाहीत. तुमचं वाक्य फक्त फिंगरटिपला लागू आहे.

विटीदांडू:
पेर म्हणजे सांधाच. 'पेरापेरात दुखतंय' म्हणतात ते काय मधल्या भागाबद्दल?

गोधडी:
उसाची पेरं मोजताना तुम्ही काय मोजता, गाठी?

विटीदांडू:
मधल्या भागाला आमच्याकडे 'कांडं' म्हणतात. पेर गाठीचंच.