आई-आबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचा खर्च, काही सवलत भेटते का?

माजलगावकर:
नमस्कार मंडळी. आबांचं वय ७३, आई ६६. आबांना शुगर आन बीपी दोन्ही, आईला बीपी आन वरून गुडघे. मी पुण्याला कंपनीत, गावाकडं दोघंच असतात. मेडिकलचं बिल महिन्याला अडीच-तीन हजारावर जायलंय, मी पाठवतो पण त्यांना पोराचा पैसा गोळ्यांत घालायला नको वाटतंय. दिवाळीला गेलो तर आई आबांची गोळी आडकित्त्यानं अर्धी करून डबीत ठेवायली, म्हणली अर्धी घेतली की पाकीट दुप्पट दिवस पुरतंय. तवापासून जिवाला घोर लागलाय. आबांचं ते सत्तरीच्या पुढचं पाच लाखाचं कार्ड काढलंय पण मेडिकलवाला म्हणतो इथं चालत नाही. मग चालतं कुठं?

लातूरची_सिस्टर:
दादा आधी तो आडकित्ता बंद करा. शुगरच्या गोळीच्या नावापुढं एसआर नायतर ईआर असेल तर ती तोडायचीच नसती, हळूहळू विरघळायची गोळी एकदम अंगात उतरती, आन डोस डॉक्टरला विचारल्याशिवाय कमी करायचाच नाही.
आबांचं ते पाच लाखाचं कार्ड, म्हणजे आयुष्मान योजनेचं वयवंदना कार्ड, ॲडमिट झाल्यावर चालतं, तेबी योजनेतल्या दवाखान्यात. ॲडमिट व्हायच्या आधीचे ३ दिवस आन सुट्टी झाल्यावर १५ दिवसांची औषधं त्यात धरतात, रोजच्या गोळ्या न्हाई. पण बीपी-शुगरच्या गोळ्या उपकेंद्रात, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) फुकट असतात, नोंद झाली की महिन्याभराच्या एकदम देतात. आशाताईला विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यात केसपेपर, तपासण्या सगळं मोफत झालंय. संभाजीनगरचं घाटी किंवा अंबाजोगाईचं स्वाराती ही मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं वेगळ्या खात्याची, तिथं हा नियम धरू नका.

जालन्याचा_राजा:
सरकारी गोळ्यांचं काय खरं नसतंय भाऊ. आमच्या मामांनी जनऔषधीच्या, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधाच्या दुकानातल्या, आणल्या, शुगर जशीच्या तशी. स्वस्त ते स्वस्तच.

नांदेड_फार्मसी:
राजाभाऊ, मामांचं पथ्य, डोस, गोळी वेळेवर घेतली का, हे काहीच माहीत नसताना गोळीला नाव ठेवू नका, लोक वाचून औषध बंद करतात. जनऔषधीची प्रत्येक बॅच लॅबमधून तपासून येते. ब्रँडपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त असतंय कारण कंपनीच्या जाहिरातीचा खर्च त्यात नसतो.
अडचण दुसरीच आहे. डॉक्टरनं चिठ्ठीवर ब्रँडचं नाव लिहिलं की आम्हाला कायद्यानं दुसऱ्या कंपनीची गोळी देता येत नाही, मनात असलं तरी. म्हणून डॉक्टरलाच म्हणा, साहेब मूळ औषधाचं नाव लिहा, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन असं. चिठ्ठी मिळाल्यावर मोबाईलमध्ये जनऔषधी सुगम ॲप टाका, जवळचं दुकान आन भाव दोन्ही दिसतात. कधीकधी माल संपलेला असतो, म्हणून पाकीट संपायच्या आठ दिवस आधीच जायचं.

माजलगावकर:
लई उपकार सगळ्यांचे. आशाताईला फोन केला, आबांची नोंद करून घेते म्हणली. मेटफॉर्मिन आन अम्लोडिपिन तिथं आहेत, टेल्मिसार्टन सध्या नाही, ती जनऔषधीतून आणायला लावतो. आईला सत्तर झाली नाहीत तर तिला कार्ड नाही, पण गुडघ्याच्या पट्ट्याला तरी काही भेटतं का?

लातूरची_सिस्टर:
वयोश्री योजना बघा, मुख्यमंत्री वयोश्री. वय ६५ पूर्ण आन कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ लाखाच्या आत पाहिजे. चष्मा, काठी, गुडघ्याचा पट्टा, कंबरेचा पट्टा असलं घ्यायला एकदाच ३००० रुपये थेट खात्यात येतात. आईचं आधार बँकेला जोडलंय का ते पहिलं बघा, पैसे तिथंच अडकतात. आन तालुक्याला जाताना दोघांचंबी एसटीत अर्धंच तिकीट लागतंय, आधार कार्ड जवळ ठेवायला सांगा.