डाउनहिल शर्यतपटूंची कारकीर्द इतकी लांब कशी?

खानापूरकर: आमच्या तालुक्यात पाऊस मुबलक, बर्फ मात्र केवळ पडद्यावर, तरीही हिवाळी ऑलिंपिक मी आवर्जून पाहतो. २०२२ साली बीजिंगला फ्रान्सच्या योहान क्लारे यांनी वयाच्या ४१व्या वर्षी डाउनहिलमध्ये, म्हणजे बर्फाळ डोंगरउतारावरून स्कीवर वेगाने खाली उतरण्याच्या शर्यतीत, रौप्यपदक मिळवले. ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाच्या खेळात हे कसे शक्य होते?

निपाणीचा वाचक: उताराची ओळख हेच मोठे भांडवल. डाउनहिलला शर्यतीपूर्वी सरावफेऱ्या मिळतात, सुपर-जी या अधिक वळणांच्या स्की-शर्यतीला मात्र केवळ मार्गाची पाहणी करता येते. त्यामुळे कोणता उंचवटा हवेत फेकतो आणि कोणत्या वळणावर स्कीची धार निसटते, हे वर्षानुवर्षे त्याच डोंगरावर उतरलेल्यालाच नेमके ठाऊक असते. स्वित्झर्लंडच्या दिदिए क्यूश यांनी ऑस्ट्रियातील किट्झब्यूहेलची डाउनहिल २०१२ साली पाचव्यांदा जिंकली, तेव्हा ते ३७ वर्षांचे होते.

टिळकवाडीची ताई: दादा, अनुभवाचे म्हणणे पटते, पण त्याची किंमत गुडघे मोजतात, हेही लिहायला हवे. अमेरिकेच्या स्कीपटू लिंडसे वॉन २०१९ साली निवृत्त झाल्या, पुढे गुडघ्याचे अंशतः प्रत्यारोपण करून परतल्या आणि मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, सन व्हॅलीच्या सुपर-जीमध्ये दुसऱ्या आल्या. मला तर त्या जिद्दीचे फार अप्रूप वाटते.