पाळणा लांबवताना : तुम्ही काय वापरलं, काय सोसलं, काय सोडलं?

खाडीकाठ (ठाणे पूर्व)

लेडीज डब्यात सासू, भिशी आणि साड्यांबद्दल मोठ्याने बोललं जातं. गर्भनिरोधनाचा विषय निघाला की आवाज खाली जातो आणि कानावर येते ती बहुतेक भीतीच. तांबी (कॉपर-टी) वर सरकून काळजात जाते, गोळ्या घेतल्या की पुढे मूल होत नाही, नसबंदीने बाप्याची ताकद जाते. ठाण्या-नवी मुंबईत राहणाऱ्या, शिकलेल्या बायकासुद्धा हे सांगतात आणि ऐकणाऱ्या नवीन मुली घाबरून काहीच करत नाहीत.

म्हणून हा धागा. कोणती पद्धत वापरली, का निवडली, बदलली असेल तर का, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं आणि अंगाने काय सांगितलं, ते लिहा. दवाखान्याचं किंवा डॉक्टरांचं नाव नको. पुरुषांना आग्रहाचं आमंत्रण आहे.

सुरुवात माझ्यापासून. पहिल्या मुलानंतर तांबी बसवली. 380 ए नावाची, दहा वर्षं चालणारी. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पाच वर्षांचीही असते. मला रोज काही लक्षात ठेवायचं नव्हतं आणि हार्मोन नको होते, म्हणून हीच. बसवताना पोटात जोराची कळ आली, दोन दिवस ओटीपोट दुखलं. पहिल्या काही पाळ्यांना अंगावर खूप जायचं, नंतर ते कमी झालं. पुढचं मूल हवं झालं तेव्हा काढून घेतली, त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि थोड्याच दिवसांत दिवस राहिले. काळजात जाण्याचं म्हणाल तर गर्भाशय आणि छाती यांच्यात तसा रस्ताच नाही. क्वचित, फारच क्वचित, बसवताना गर्भाशयाला भोक पडू शकतं. म्हणून महिना-दीड महिन्याने दोरा तपासून घ्यायचा असतो. ती फेरी चुकवू नका.


मानपाडा_माहेर

तांबीचं कौतुक वाचलं, पण मला ती सोसली नाही. पाळी आधीच दांडगी होती. तांबीनंतर आठवडाभर जायचं, गाठी पडायच्या, जिना चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन घसरलं. तक्रार घेऊन गेले तर 'सगळ्यांनाच होतं, सवय होईल' एवढंच ऐकलं. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघून त्याच दिवशी काढून टाकली. त्या म्हणाल्या, ज्या बाईच्या अंगावर मुळातच जास्त जातं तिच्यासाठी तांब्याची तांबी ही पहिली निवड नव्हे. बसवण्याआधी मला 'पाळी कशी असते' हे कुणी विचारलंच नव्हतं. खाडीकाठताई, तुमचं खरं आहे आणि माझंही खरं आहे. नवीन मुलींनी दोन्ही वाचावं.


खाडीकाठ

अगदी. असंच लिहा.


रबाळे_शिफ्ट

मी एमआयडीसीत फिरत्या पाळीत काम करते. आधी रोजच्या गोळ्या होत्या, माला-डीसारख्या. पाकिटात 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या. त्या रोज ठरलेल्या वेळी घ्यायच्या. एका आठवड्यात सकाळची ड्यूटी, पुढच्यात रात्रीची. रात्रपाळी करून ऐरोलीला घरी यायचं आणि झोपायचं, तर 'रोज रात्री जेवल्यावर' ही वेळ धरायची कशी? मळमळही व्हायची.

मग आशाताईंनी छाया सांगितली. हीच गोळी बाजारात सहेली म्हणून मिळते. लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेली, बिनहार्मोनची. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदाच. माझे वार रविवार आणि बुधवार होते, आता फक्त रविवार. मळमळ गेली. एक गोष्ट मात्र आधी माहीत हवी : पाळी लांबते. कधी दीड महिन्यावर जाते. पहिल्या वेळी काळजाचं पाणी झालं. मेडिकलमधून टेस्टची पट्टी आणली, नाही आलं. पुन्हा लांबली, पुन्हा पट्टी. आता घरात एखादी असतेच. ज्या बाईला पाळी चार दिवस पुढे गेली तरी झोप लागत नाही, तिला ही गोळी मनस्ताप देईल. मला जमली.


किसननगरची

मी इंजेक्शन घेते, 'अंतरा' नावाचं. तीन महिन्यांतून एकदा दंडावर. घरात फक्त मला माहीत. सासूबाईंना नातू हवाय, दोन मुली आहेत. नवरा वाईट नाही, पण आईपुढे बोलत नाही. गोळ्यांचं पाकीट कपाटात सापडतं, तांबीचा दोरा नवऱ्याला कळेल अशी भीती होती. इंजेक्शनचं काही दिसत नाही. कार्ड आशाताईंनी त्यांच्याकडेच ठेवलंय.

पहिल्या इंजेक्शनानंतर मधूनमधून डाग पडत राहिले. नंतर पाळी बंदच झाली. सासूबाईंनी हिशेब धरला आणि पेढ्यांची गोष्ट काढली. मी म्हटलं अशक्तपणाने थांबलीय, खजूर खाल्ले त्यांच्यासमोर. नर्सबाईंनी आधीच समजावलं होतं की पाळी थांबली तरी अंगात घाण साठत नाही, औषधाने आतलं अस्तरच वाढत नाही म्हणून जायला काही नसतं. हे ऐकलं नसतं तर मी घाबरून सोडलं असतं. सुई दिलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

वजन थोडं वाढलंय. पुढे मूल हवं झालं तर लगेच राहत नाही, शेवटच्या सुईनंतर सात-आठ महिने, कधी जास्तही लागतात. मला घाई नाही.


खाडीकाठ

किसननगरची, तुम्ही लिहिलंत याचं मोल फार आहे. इथे कुणी 'नवऱ्याला सांगायला हवं होतं' असं लिहू नये ही विनंती. ज्या घरात राहायचंय ते घर तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.


एपीएमसी_माथाडी (कोपरखैरणे)

पुरुषांना बोलावलंय म्हणून लिहितो. मी मार्केटात गोणी उचलतो. गाव साताऱ्याकडे. दोन्ही पोरं सिझरने. दुसऱ्या वेळी बायकोचं बीपी एवढं वाढलं की मला सही करताना हात आवरेना. ती घरी आल्यावर तिचं ऑपरेशन करायचं बोलणं सुरू झालं, आईचं, बहिणीचं, सगळ्यांचं. म्हणजे तिसऱ्यांदा तिचंच पोट फाडायचं. मी म्हटलं, आता माझी पाळी.

घरात गोंधळ झाला. वडिलांना आणीबाणी आठवली. तेव्हा धरून नेतात म्हणून गावातले बापे उसात लपत होते असं ते सांगतात. ती भीती खरी होती, तिला मी हसत नाही. पण तेव्हाची जबरदस्ती वेगळी आणि मी स्वतः चालत जाणं वेगळं. मार्केटात सोबतचे म्हणाले, गोणी उचलणार कशी, कंबर जाईल. हा प्रश्न मी डॉक्टरांना सरळ विचारला. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बीज वाहून नेणारी नळी तेवढी बंद करतात. ताकदीचा हार्मोन रक्तातून जातो, त्याला कुणी हात लावत नाही. पाणीही पूर्वीसारखंच येतं, त्यात बीज नसतं एवढंच.

ऑपरेशन म्हणजे जागा बधिर करून एक बारीक छिद्र. टाका नाही. अर्धा तास नाही लागला. त्याच दिवशी घरी आलो, दोन दिवस बर्फ आणि घट्ट लंगोट. आठवडाभर जड उचलायचं नाही. तेवढी मजुरी बुडाली, ती आधीच बाजूला काढून ठेवली होती. थोडं सरकारी अनुदानही मिळतं. आता पहिल्यासारखाच गोणी उचलतो.

सगळ्यात महत्त्वाचं, जे बरेच जण ऐकत नाहीत : ऑपरेशन झालं की लगेच मोकळीक नाही. नळीत आधीचं बीज शिल्लक असतं. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासायचं, आणि रिपोर्टमध्ये बीज नाही असं आलं की मगच बिनधास्त. आणि नंतर पुन्हा नळी जोडता येतेच असं नाही, म्हणून मन पक्कं असेल तरच जा.


खाडीकाठ

दादा, तुमची पोस्ट पुन्हा पुन्हा वाचली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशात विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के जणींचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याची नसबंदी झालेल्या होत्या 0.3 टक्के. सोपं, पोट न उघडणारं ऑपरेशन पुरुषाचं, आणि करतात बायकांचं. याचा मला मनापासून राग येतो.


नौपाडा_आजी

आमच्या वेळी लाल त्रिकोण आणि निरोध, एवढंच. निरोध 1968 मध्ये आला. दुकानात मागायला 'ह्यांना' लाज, मला त्याहून जास्त. तिसऱ्या बाळंतपणानंतर नसबंदीचे टाके घातले, मला कुणी विचारलं नाही. याच आपल्या मुंबईत र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. शंभर वर्षं होऊन गेली. तुम्ही पोरी मोकळेपणाने लिहिताय, बरं वाटलं.


खारघर_दोघं

आम्ही कंडोमच वापरतो. दोघांना पटलंय, दुष्परिणाम नाहीत, लैंगिक संसर्गापासून बचाव होतो, जो इतर कुठल्याच पद्धतीने होत नाही. मात्र 'कधीकधी' वापरून चालत नाही. प्रत्येक वेळी बरोबर वापरला तर वर्षात शंभरातल्या दोघींना दिवस राहतात, लोक प्रत्यक्षात वापरतात तसा वापरला तर तेरा जणींना. तेल, व्हॅसलीन लावू नका, रबर फाटतं. पाकिटात महिनोन्महिने ठेवू नका.


ऐरोली_पीजी

माझं लग्न झालेलं नाही. कंडोम फाटला होता. आपत्कालीन गोळी 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली, चिठ्ठी लागत नाही. एवढं वाचलेलं होतं. मेडिकलवाल्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी मान खाली घातली नाही. पुढची पाळी आठवडाभर उशिरा आली, त्या दिवसांत जीव टांगणीला होता. नंतर नियमित काहीतरी विचारायला गेले तर पहिला प्रश्न, 'लग्न झालंय का?' आणि मग पंधरा मिनिटं उपदेश. पद्धत एकही सांगितली नाही.


परिचारिका_ठाणे

ऐरोली, त्या वागण्याबद्दल आमच्या व्यवसायातल्या कुणीतरी तुझी माफी मागायला हवी, म्हणून मी मागते. दोन गोष्टी लक्षात ठेव. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती आपत्कालीन गोळीपेक्षा जास्त खात्रीची, आणि पुढची वर्षंही चालते. आणि गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर, गर्भनिरोधक फसून दिवस राहिले तर 20 आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपाताचा हक्क अविवाहित बाईलाही आहे. अठरा पूर्ण असतील तर सही फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही, आईवडिलांची नाही.

बाकीच्यांसाठी : अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे चमकतं, बीपी आहे, किंवा पस्तिशीपुढे सिगारेट ओढता, तर रोजच्या संयुक्त हार्मोन गोळ्या (माला-डीसारख्या) नकोत. बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिनेही नकोत. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर त्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. हे डॉक्टरांना आपणहून सांगा. पीसीओएस (बीजकोशांचा, पाळी अनियमित करणारा त्रास) असेल किंवा नुकतीच कावीळ झाली असेल तर छाया नको. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत तांबी तिथेच बसवता येते. ज्या बाईला पुन्हा दवाखान्यात यायला सवड मिळणार नाही तिला ते सोयीचं. 'अंगावर पाजतेय म्हणजे राहणार नाही' हे फक्त तीन अटी एकदम पाळल्या तर : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त आईचंच दूध, पाळी अजून आलेली नाही. पाण्याची बाटली सुरू झाली की हिशेब संपला.


सीवूड्स_पंचेचाळीस

आमच्या वयाचं कुणी लिहीत नाही. पाळी अनियमित झाली की बायका समजतात, आता काय राहणार. राहतं. पन्नाशीआधी पाळी थांबली तर दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यायची. मी हार्मोनची तांबी बसवली, अंगावर फार जायचं म्हणून. आता नावापुरता डाग. तांब्याच्या तांबीपेक्षा पुष्कळ महाग आहे, पण गर्भाशय काढायचं बोलणं थांबलं. मानपाडा, तुम्ही एकदा याबद्दल विचारून पाहा.


घोडबंदर_नवी

लग्न होऊन थोडेच महिने झालेत. तीन-चार वर्षं मूल नको. सासरी म्हणतात, पहिलं मूल झाल्याशिवाय तांबी बसवत नाहीत. खरं का?


परिचारिका_ठाणे

खरं नाही. मूल न झालेल्या बाईलाही बसवता येते. बसवताना दुखणं थोडं जास्त असू शकतं, तपासणीत संसर्ग नाही एवढं आधी बघतात. पाळी दांडगी असेल तर आधी रक्त तपासून घे. छाया आणि अंतराही तुला चालू शकतात, पण चौथ्या वर्षी लगेच मूल हवं असेल तर अंतरा आधीच थांबवावं लागेल. जाताना नवऱ्याला बाहेर बाकावर बसवू नकोस, आत घेऊन जा. शेवटच्या पाळीची तारीख लिहून ने.