तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज: सोय का शिक्षा?

कूलरसमोर
काल नागपुरात बर्डीच्या स्टेशनवर मेट्रो बदलत होतो आणि मामेभावाचा व्हॉइस आला. ३ मिनिटं १२ सेकंद. ही गर्दी, त्यात इअरफोन घरी. म्हटलं, निवांत ऐकू. घरी पोचल्यावर ऐकला तर पहिलं मिनिट ‘हॅलो, येऊन राहिला का आवाज? थांब, गाडी साइडले लावतो.’ मग सिलिंडरवाल्याची कथा. शेवटच्या दहा सेकंदांत, ‘अन् येताना इतवारीतून आजीची गोळी घेऊन येजो.’ दुकान तोवर बंद. बोलणी मी खाल्ली.
लिहायचाही आळस अन् फोन लावायचाही आळस, त्याचं नाव व्हॉइस मेसेज. पटतं का कोणाला?

संत्राबर्फी
नाही पटत. माझी आई सातवी शिकलेली. कीबोर्डवर ‘ळ’ सापडेपर्यंत तिचा चहा निवतो. पूर्वी ती फक्त सकाळची फुलं पाठवायची, आता शेजारच्या भांडणासकट सगळं सांगते. आणि लिहिलं तरी आमची बोली फोनला कुठं कळते? ‘कायले’ लिहा, तो भलताच शब्द सुचवतो. आईचं ‘जेवाले या नं बाप्पा’ ऐकण्यात जे आहे ते लिहिण्यात नाही.

बर्डीवाला_जुना
१९४८ पासून आकाशवाणी ऐकणारं हे शहर. तीन मिनिटं ऐकायचा कंटाळा कधीपासून यायला लागला?

कूलरसमोर
काका, रेडिओवाला बोलायच्या आधी लिहून आणतो. आमचा मामेभाऊ बोलता बोलता विचार करतो.

बर्डीवाला_जुना
हे मात्र खरं. पण व्हॉट्सॲपवर २०२१ पासून वेग वाढवून ऐकायची सोय आहे, ती वापर. आणि इअरफोन नसला तर फोन नुसता कानाला लाव, आवाज स्पीकरऐवजी कानात येतो. स्टेशनवरच ऐकता आला असता.

कूलरसमोर
कानाला लावायचं माहीत नव्हतं, खरंच. वेगाचं करून पाहिलं आहे. दुप्पट केला की मामेभाऊ भांडून राहिला असं वाटतं.

मिहान_नाइटशिफ्ट
मूळ लिहिणाऱ्याच्या बाजूनं. गर्दी, इअरफोन हे दुय्यम. खरा त्रास म्हणजे व्हॉइसमधलं काही पुन्हा शोधता येत नाही. घरमालकानं भाड्यासाठी खाते क्रमांक बोलून पाठवला. मागे मिक्सर चालू. ‘सहा’ होता का ‘सात’, सहा वेळा ऐकलं. शेवटी फोन करून विचारलं तर म्हणतात, ‘पाठवला नं, ऐकला नाही का?’ आकडा, पत्ता, वेळ आणि औषधाचं नाव लिहूनच पाठवा. बाकी रडगाणं बोला हवं तेवढं.

संत्राबर्फी
आकड्यांचं मान्य. पण शोधायचंच म्हणाल तर एक माझ्याकडे तारा लावून ठेवला आहे. आजीनं पाटोडीचा रस्सा सांगितला होता, चाळीस सेकंद. खोबरं किती भाजायचं यावर ती अडते, मागे कुकरची शिट्टी होते, मग कोणाला तरी म्हणते, ‘गॅस कमी कर वं.’ तिथंच संपतो. आजी आता नाही. रस्सा आम्हाला पाठ आहे, तरी दर वेळी लावतो.

मिहान_नाइटशिफ्ट
यावर काय बोलणार? पण ताई, आजीचा एक आणि घरमालकाचे चाळीस, असा हिशेब आहे माझ्या फोनमध्ये.

कूलरसमोर
सकाळी मामेभावाला सांगून टाकलं, यापुढे कामाचं असेल ते लिहून पाठवत जा. त्यानं लिहिलं, ‘बरं.’
एवढंच. पुढे काही नाही. दुपारपासून विचार करून राहिलो, रागावला का काय. व्हॉइसमध्ये असता तर पहिल्या अक्षरात कळलं असतं.

संत्राबर्फी
आता फोन लावा.

कूलरसमोर
लावला. गाडीवर आहे म्हणे, व्हॉइस पाठवतो.