पोट्ट्याला आपला क्लब कसा द्यायचा? कामठी, मोमिनपुरा, रेल्वे सगळ्यांना विचारतोय

मोतीबाग क्वार्टर

राजेहो, गोष्ट साधी आहे, पण दोन आठवडे डोक्यातून जाऊन नाही राहिली, म्हणून लिहितो.

माझा पोट्टा तेरा वर्षांचा. आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबचा भक्त. नागपुरात बर्डीच्या फुटपाथवरून घेतलेली लाल जर्सी, पांढऱ्या बाह्यांची, धुवायला टाकली तरी वाळायच्या आधी अंगात घालतो. रात्री साडेबाराची मॅच असली की आवाज बंद करून बघतो अन् मी त्याच्या बाजूला बसतो. २००३-०४ चा हंगाम त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा, तरी ३८ सामने, २६ जिंकले, १२ बरोबरीत, हार एकही नाही, हे पाढ्यासारखं म्हणून दाखवतो. मला त्याचं कौतुक आहे. एका टीमसाठी ज्याला झोप मोडता येते तो पोट्टा वाया जात नाही, असं माझं पक्कं मत आहे.

तर त्या रात्री हाफटाइमला त्यानं विचारलं, "बाबा, तुमचा क्लब कोणता?"

मी म्हटलं, "रब्बानी. कामठीचा."

त्यानं फोन काढला, शोधलं. थोडा वेळ बोटानं वर-खाली केलं. मग म्हणाला, "याचा लाइव्ह स्कोअर कुठे दिसतो?" मी म्हटलं, "मैदानावर." त्यानं फोन खाली ठेवला. हसला नाही, चिडवलं नाही. दुकानात वस्तू नसली की आपण जसे पुढच्या दुकानाकडे वळतो, तसा टीव्हीकडे वळला. मला ते लागलं.

आता माझं ऐका. माझे वडील रेल्वेत, आम्ही मोतीबागेच्या क्वार्टरमध्ये. घराच्या ओट्यावरून रेल्वेच्या मैदानावरची शिट्टी ऐकू यायची. वडिलांची टीम अर्थातच रेल्वे. आईचं माहेर कामठीचं, अन् मामा म्हणजे कामठीच्या फुटबॉलसाठी जीव टाकणारा माणूस. कामठीत हे वेड आलं कुठून, असं विचारलं की मामा छावणीकडे बोट दाखवायचा. १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हानच्या काठी छावणी वसवली, गोऱ्या पलटणी संध्याकाळी चेंडू लाथाडायच्या अन् विडीच्या कामावरून सुटलेली पोरं कडेला उभी राहून बघायची. गोरे गेले, चेंडू राहिला, असं तो म्हणायचा.

मामाकडे चामड्याचा जुना चेंडू होता, आत ब्लॅडर अन् वरून वादी ओवून बांधायचा. सामन्याच्या आदल्या रात्री तो पाटावर बसून चेंडूला एरंडीचं तेल चोळायचा, तळहातानं, गोल गोल, कणीक तिंबावी तसं. मग वादीची गाठ आत दाबायचा. गाठ वर राहिली तर हेड मारणाऱ्याच्या कपाळावर वळ उठतो, म्हणून. त्याच्या स्वतःच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर तसा एक वळ होता, कायमचा. लहानपणी मला वाटायचं कामठीच्या सगळ्याच माणसांना तो असतो.

रेल्वे अन् कामठी भिडले की आमच्या घरी दोन दिवस आधीपासून वातावरण तापलेलं. मामा सायकलवर यायचा, सोळा किलोमीटर. वडील त्याला "या" म्हणायचे, पण चहा आई द्यायची. मी कोणाच्या बाजूनं बसतो हे दोघंही न बघितल्यासारखं करून बघायचे. मी मामाच्या बाजूनं बसलो, पहिल्यांदा सात वर्षांचा असताना, अन् अजून तिथेच आहे.

ते दोघं एका बाजूनं बसलेले मी एकदाच पाहिले. २२ जून १९८६, रात्री साडेअकरा. शेजाऱ्यांचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. मॅराडोनाचा पहिला गोल झाला तेव्हा मामा म्हणाला हात लागला, वडील म्हणाले डोकं लागलं. भांडण पेटणार, तेवढ्यात चार मिनिटांत दुसरा गोल. अर्ध्या मैदानातून पाच-सहा जणांना चकवत गेला तो. त्यानंतर दोघंही बोलले नाहीत. वडिलांनी मामाच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो सामना संपेपर्यंत तिथेच होता.

दोघंही आता नाहीत. मामाचा चेंडू माझ्याकडे आहे, कपाटात, ब्लॅडर कधीच गेलेलं.

प्रश्न असा. तुमच्यापैकी कोणाला जमलं का हे? आपला क्लब पुढच्या पिढीच्या हाती देणं? जबरदस्ती मला करायची नाही. पण सुरुवात कशी करायची ते समजून नाही राहिलं.

गोळीबार चौक

भाऊ, सलाम घ्या. मी मोमिनपुऱ्याचा, यंग मुस्लिम क्लबचा. म्हणजे तुमच्या मामांच्या अन् माझ्या वडिलांच्या शिव्यांची देवाणघेवाण नक्की झाली असणार.

आधी एक स्पष्ट सांगतो: नागपूरचा फुटबॉल म्हणजे मोमिनपुरा. कामठीवाल्यांना ते मान्य नाही, नसू द्या. पण एक कबूल करतो. लहानपणी आम्ही चार सायकलींवर आठ जण कामठीला सामना बघायला जायचो. इंदोरा, ऑटोमोटिव्ह चौक, पिवळी नदी, पुढे उघडा रस्ता अन् समोरून ट्रक. तिथे पोचलो की कळायचं की हे लोक आपल्यासारखेच आहेत. दुकानाचं शटर अर्धं खाली करून मालक मैदानाकडे चाललेला. म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून आणलेलं. आम्ही जिंकलो तर परतीचा रस्ता अर्धा वाटायचा. हरलो तर पिवळी नदीपर्यंत कोणी बोलायचं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं. पोराला घेऊन जा, पण खुर्चीवर बसवू नका. चूक सगळे तिथेच करतात. लांबून हा खेळ टीव्हीपेक्षा बारीक दिसतो, पोरगं कंटाळणारच. त्याला गोलच्या मागे उभं करा, जाळीपासून चार हातांवर. कीपर काय ओरडतो ते ऐकू द्या. दोन खेळाडू कॉर्नरला एकमेकांना कोपर लावताना काय बोलतात ते ऐकू द्या (आई सोबत नसेल तर बरं). चेंडू अंगावर येऊन जाळी फुगते तेव्हा जो आवाज होतो तो टीव्हीत नाही. मी माझ्या पोरीला तसंच केलं. ती आता माझ्या आधी चप्पल घालून दारात उभी असते.

अन् शक्य असेल तर आमच्याविरुद्धची मॅच निवडा. दुश्मन समोर असल्याशिवाय क्लब आपला वाटत नाही.

धंतोलीचा बांगाल

मोतीबाग दादा, तुमचं वाचून मला माझे बाबा आठवले. आम्ही बंगाली, पण तीन पिढ्या नागपूरच्या. आजोबा बंगाल नागपूर रेल्वेत लागले अन् इथेच राहिले. मूळ घर पूर्व बंगालचं, त्यामुळे कलकत्त्याचा इस्ट बेंगॉल हा आमच्याकडे क्लब नाही, रक्तगट आहे.

१३ जुलै १९९७, फेडरेशन कपची सेमीफायनल, मोहन बागान समोर. कलकत्त्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर एक लाख एकतीस हजार माणूस. बागानचे कोच अमल दत्त यांनी आधी आमच्या ओमोलो या खेळाडूला "ऑम्लेट" म्हणून हिणवलं होतं, ते बाबांनी मनाला लावून घेतलं होतं, जणू त्यांनाच म्हटलं. निकाल ४-१, बायचुंग भुतियाची हॅटट्रिक. बाबा त्या संध्याकाळी धंतोलीत ओळखीच्या प्रत्येक बागानवाल्याच्या घरी गेले. काही बोलले नाहीत, फक्त चहा पिऊन आले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे इलिश मासा झाला पाहिजे होता, इस्ट बेंगॉल जिंकलं की इलिश, बागान जिंकलं की कोळंबी, हा नियमच. पण नागपुरात ऐनवेळी इलिश कुठला? आईनं रोहू केला अन् बाबांनी तो इलिश समजून खाल्ला, काटे शोधत शोधत.

मी हे सांगतोय कारण हावडा इथून अकराशे किलोमीटर. मी सतरा-अठरा वर्षांचा होईपर्यंत इस्ट बेंगॉलला प्रत्यक्ष खेळताना पाहिलंच नव्हतं. तरी क्लब माझाच होता, बाबांच्या चेहऱ्यावर बघून बघून झालेला. म्हणून तुमच्या पोराच्या आर्सेनलला मी खोटं म्हणणार नाही.

पण एक गोष्ट त्याला जरूर सांगा, रेल्वेवाल्याचा नातू आहे तो. बीएनआर, म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे, हा कलकत्त्याच्या मैदानावरचा नावाजलेला संघ होता. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्ण मिळालं, त्या संघातला तुलसीदास बलराम पुढच्याच वर्षी इस्ट बेंगॉल सोडून बीएनआरमध्ये गेला. माझ्या आजोबांना याचं दुःखही झालं अन् अभिमानही वाटला. आपल्या गावाचं नाव छातीवर घेऊन बलराम खेळला, दादा. ज्या मोतीबागेच्या ओट्यावरून तुम्ही शिट्टी ऐकायचे ती मोतीबाग त्याच रेल्वेची.

रामदासपेठ ४४

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. पोट्ट्याला त्याचा क्लब आहे. तो त्यानं स्वतः निवडला, त्यासाठी जागतो, रडत पण असेल. तुम्ही सात वर्षांचे असताना वडिलांना सोडून मामाकडे बसले, तेव्हा वडिलांनी काय केलं? काही नाही केलं. त्यालाही बसू द्या जिथे बसायचं तिथे.

डावा पाय

४४ दादांचं पटतं, पण अर्धंच. मोतीबाग दादांच्या वडिलांनी निदान मुलाला मैदानाच्या कडेला तरी नेलं होतं.

मी खेळते, आता शिकवतेही. माझ्या घरात कोणाचाच कुठला क्लब नव्हता. मैदान जवळ होतं एवढंच. २००१ मध्ये विजय बारसे सरांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहिली अन् त्यातून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळवणारं स्लम सॉकर उभं राहिलं, हे नागपुरात सगळ्यांना माहीत आहे. ते ऐकताना लोकांना बादली आठवते. मला मैदान आठवतं. मोकळी जागा होती म्हणून पोरं तिथे होती. माझ्या लहानपणीच्या दोन जागा आज नाहीत, एकीवर बाराही महिने मंडप असतो, दुसरीला कुंपण. त्यामुळे कोणी पोराला मैदानावर आणणार असेल तर तो कुठल्या रंगाच्या जर्सीत येतो ते मी बघत नाही.

एक सुचवते. तो चेंडू कपाटातून काढा. ब्लॅडर मिळेल न मिळेल, पण त्याला तेल लावायला लावा. हात लागू द्या.

मोतीबाग क्वार्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काय झालं ते सांगतो.

डावा पाय ताईंचं ऐकून शनिवारी रात्री चेंडू काढला. चामडं कडक झालेलं, पापडासारखं. पोट्ट्यानं विचारलं काय आहे, मी एरंडीच्या तेलाची बाटली त्याच्या हातात दिली अन् मामा कसा चोळायचा ते दाखवलं. अर्धा तास बसला. वादीच्या भोकांत बोट घालून बघितलं. मग कपाळाला गाठ लावून म्हणाला, "हे लागत असेल हो." मी त्याला वळाची गोष्ट सांगितली. बलरामचीही सांगितली.

रविवारी त्याला गाडीवर बसवून कामठीला नेलं. समोर मोमिनपुऱ्याची टीम. आर्सेनलची जर्सी घालूनच आला, मी काही म्हटलं नाही. गोलच्या मागे उभे राहिलो, चार हातांवर. कीपर सारखा ओरडत होता, "पीछे देख, पीछे देख!" अन् दहा मिनिटांनी माझा पोट्टाही ओरडायला लागला, तेच, त्याच सुरात. पायाला कापडाची पट्टी बांधलेला एक बॅक आमच्यासमोर पडला, उठला, पट्टी दातांनी घट्ट केली अन् धावत गेला. पोट्टा त्याच्याकडेच बघत राहिला, चेंडू दुसऱ्या टोकाला असला तरी.

आमच्या बाजूला पांढऱ्या दाढीचे एक चाचा उभे होते, हातात फुटाण्यांची पुडी. त्यांनी पोट्ट्यासमोर पुडी धरली अन् विचारलं, "बेटा, किसकी तरफ?" त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ म्हणाला, "कामठी." चाचांनी पुडी मागे घेतली. त्याचं तोंड उतरलेलं पाहून मोठ्यानं हसले अन् अर्धी पुडी त्याच्या हातावर ओतली.

निकाल मी लिहीत नाही, गोळीबार चौकवाल्यांना माहीत आहे. परत येताना पोट्टा मागे गप्प बसून होता. पिवळी नदी आली. तिथे एकदम माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "बाबा, त्यांचा दुसरा गोल ऑफसाइड होता." घरी येईपर्यंत तेच. आईला सांगितलं, ताटातले घास मांडून दाखवलं कोण कुठे उभा होता ते.

माझा मामा अगदी असाच घास मांडायचा.

गोळीबार चौक

भाऊ, ते फुटाणेवाले माझे वडील. घरी आल्यापासून लाल जर्सीवाल्या पोराबद्दल बोलून राहिले, पुढच्या वेळी त्याला आणा म्हणतात, पुडी तयार आहे.

अन् तो गोल ऑफसाइड नव्हता. मी अगदी लाइनीत उभा होतो.