मदत हवी आहे: नणंदेचं दुसरं बाळंतपण, पहिल्या वेळचा त्रास पुन्हा होऊ नये म्हणून आधी काय तपासून घ्यावं? (नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही इंदिरानगरला राहतो. माझ्या धाकट्या नणंदेला आठवा लागलाय, दुसरी खेप. थोड्याच दिवसांत ती बाळंतपणाला आमच्याकडे येतेय. पहिलं बाळंतपणही इथेच झालं होतं आणि तेव्हा जे झालं त्याचं घरात आजही कुणी नाव काढत नाही.

तेव्हा चौथ्या दिवसापासून तिची झोप उडाली. उडाली म्हणजे झोपेची गरजच नाही असं. सगळ्यांशी भरभरून बोलणं, हसणं. पाचवीच्या रात्री तर घरात जागरणच असतं, त्यामुळे ही डोळ्याला डोळा लावत नाही हे कुणाला खटकलंच नाही. उलट बायका म्हणाल्या, काय हौशी बाळंतीण आहे! बारशाच्या आदल्या रात्री बघते तर कॅलेंडरच्या पानामागे बारीक अक्षरात बाळाने कधी दूध घेतलं, कधी हात हलवला, कधी कुठे बघितलं असं मिनिटामिनिटाचं लिहून पान भरलं होतं. मला हळूच म्हणाली, "वहिनी, हे आपलं नाही. दवाखान्यात बदललंय." दोन तासांनी पूर्ण ताळ्यावर, अळिवाची खीर मागून घेतली. संध्याकाळी सासूबाईंच्या हातचं पाणी घेईना, त्यात काहीतरी घातलंय म्हणाली.

मग एका खाजगी दवाखान्यात भरती केलं. गोळ्यांनी उतार पडला आणि दोन-तीन महिन्यांत ती पूर्वीसारखी झाली. आजाराचं नाव आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. घरात त्याला 'बाळंतवात' म्हणतात. कागदपत्रं तिच्या सासरी गेली ती गेलीच. गोळ्या पुढे तिकडेच कधीतरी बंद झाल्या.

आता तिकडच्या तपासणीत नर्सने दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला. ओपीडीच्या पॅसेजमध्ये, शेजारी तिची सासू बसलेली, प्रश्न मोठ्याने वाचून! मार्क कमी आले, म्हणून 'सगळं नॉर्मल' म्हणून सोडलं. हा कागद पुरेसा आहे का? दुसरी काही तपासणी असते का? आणि नाशकात बाळंतपण कुठे करावं, म्हणजे मेंदूचा-मनाचा डॉक्टरही हाताशी असेल? माझ्या नवऱ्याला नाईट शिफ्ट असते, त्यामुळे रात्री घरात आम्ही दोघी-तिघी बायकाच. हेही धरून सांगा.

शेंदूरपान

बाळंतिणीच्या खोलीत सांजवेळी धूप फिरवा आणि सव्वा महिना कुणाला आत सोडू नका. आमच्याकडे असं काही झालं नाही कधी.

वॉर्डातला

मानसोपचारात पीजी करतोय. वरच्या धुपाला माझी ना नाही, पण त्याच्या भरवशावर एक रात्रसुद्धा काढू नका.

तुम्ही जे वर्णन केलंय त्याला प्रसूतीनंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा आजार, म्हणतात. हजार बाळंतपणांत एक-दोन जणींना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. झोपेची गरज न वाटणं, अति उत्साह, बाळाबद्दल विचित्र खात्री, आणि मध्येच तासभर ठणठणीत दिसणं. हे शेवटचं फार फसवतं, घरच्यांनाही आणि ओपीडीतल्या डॉक्टरलाही. तुमच्या नणंदेचं नक्की निदान अर्थात तिला तपासणाऱ्यानेच करायचं.

तो कागद म्हणजे एडिनबरो स्केल. १९८७ सालचा आहे, चांगला आहे, पण नैराश्यासाठी. मागच्या सात दिवसांत कसं वाटलं ते विचारतो. ती आज बरी आहे, तर मार्क कमीच येणार. पुढच्या महिन्यात काय होईल ते त्यातून कसं कळणार? शिवाय सासू शेजारी असताना दिलेल्या उत्तरांना काही अर्थ नाही. त्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तो तर एकांतातच विचारायचा, आणि बेरीज कितीही असो, त्याचं उत्तर वेगळं बघायचं.

हिच्यासाठी खरी चाळणी म्हणजे पूर्वेतिहास. आधीच्या बाळंतपणात असं झालं होतं का? एरवी कधी खूप चढ, खूप उतार असे काळ आले होते का, म्हणजे बायपोलर? आई, मावशी, बहीण यांच्यापैकी कुणाला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असलं की बाकी मार्कांची वाट बघायची नाही. परदेशी अभ्यासांत अशा बायकांना पुढच्या बाळंतपणात पुन्हा होण्याचं प्रमाण तिघींत एक ते दोघींत एक असं आलंय. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे आत्ताच, आठव्यातच न्या. बाळंतपणानंतर लगेच औषध सुरू करायचं का, कुठलं, दूध पाजायचं का, हे आधी ठरलेलं हवं. आधीची गोळी घरी सापडली तरी स्वतःहून देऊ नका. सोडियम व्हॅलप्रोएट गरोदरपणात बाळाला घातक आहे, आणि लिथियमला रक्ततपासणी सतत लागते.

आणखी एक. ताप, जोरात डोकेदुखी, झटका किंवा दिसण्यात फरक असं काही सोबत असेल तर तो नुसता मनाचा आजार समजू नका. जंतुसंसर्ग, रक्तदाब, मेंदूच्या शिरेत गुठळी यातूनही बाळंतीण अशी बरळते. बाळंतिणीचं पाणी तोडायची, म्हणजे तिला पाणी कमी द्यायची पद्धत असेल घरात तर आधी ती बंद करा, त्यानेही गुठळीला वाव मिळतो.

दिंडोरीची आशा

ताई, मी आशा सेविका आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातो. बाळाचं वजन, नाळ, ताप, आईचं अंगावरून जाणं, सगळं बघतो. मी माझ्यापुरता एक प्रश्न जोडलाय: "बाळ झोपल्यावर तुला झोप येते का?" बाळ रडतं म्हणून जागी राहणारी बाई सांगते, "येते हो, पण मिळते कुठे?" जी म्हणते झोप लागतच नाही, गरजच नाही, तिच्या घरी मी दुसऱ्या दिवशी परत जाते. आणि सासूला चहा टाकायला पाठवून विचारते, तेवढ्यात बरंच बाहेर येतं. शहरातही आशा असतात, तुमच्या भागातलीला आधीच सांगून ठेवा.

सातपूरकर

बायकोला झालं होतं. तीन गोष्टी सांगतो. एक, रात्रीची झोप औषधाइतकीच सांभाळावी लागते. आमच्या डॉक्टरांनी रात्रीचं एक दूध वरचं किंवा काढून ठेवलेलं पाजा म्हणून सांगितलं, तेवढे सलग पाच तास तिला हात लावायचा नाही. मी आणि मेव्हणी पाळीने जागलो. तुमचे मिस्टर नाईटला असतील तर त्या पंधरवड्यापुरती शिफ्ट बदलून घ्या. कंपनीत कारण सांगायला लाजू नका. दोन, लक्षण दिसलं की बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही, पण तिच्यापासून तोडायचंही नाही. आम्हाला नातेवाइकांनी "बाळ मावशीकडे पाठवा" म्हणून भंडावून सोडलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातसुद्धा आहे, आई भरती असेल तर तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तिच्यापासून वेगळं करायचं नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात तर आई-बाळाचा वेगळा वॉर्डच आहे. आपल्याकडे तेवढी सोय मला दिसली नाही, पाळणा खाटेला लावून बसलो. तीन, सासरी लपवू नका. लपवलं की गोळ्या बंद होतात, तुमच्याकडे झालंच आहे ते.

बाळंतपण कुठे, तर नाव सांगत नाही. पण एकाच आवारात प्रसूती आणि मानसोपचार दोन्ही विभाग असलेलं ठिकाण बघा. त्र्यंबक रोडचं सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, दोन्हीकडे आधी जाऊन विचारा. छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री दोनला फोन कुणाला लावणार? टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फ्रिजवर लिहून ठेवा, मराठीतून बोलतात. हाताबाहेर गेलं तर १०८.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. वॉर्डातला यांनी विचारलेला मावशी-बहिणीचा प्रश्न काल सासूबाईंना विचारला. आधी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही पहिल्या बाळंतपणात 'वारं' झालं होतं आणि तिला बरेच महिने सासरी नेलं नव्हतं. इतकी वर्षं मी या घरात आहे, एका शब्दाने कळलं नव्हतं. उद्या सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत जाऊन येते, नणंद आली की तिला घेऊन परत जाऊ. मिस्टर शिफ्टचं बोलतायत.

एकच अडचण: जुन्या दवाखान्याचा कागद नाही आणि कुठल्या गोळ्या होत्या ते कुणाला आठवत नाही. दवाखाना म्हणतो, जुन्या फायली सापडत नाहीत.

वॉर्डातला

मावशीचं उद्या डॉक्टरांना नक्की सांगा, ते महत्त्वाचं आहे.

कागदासाठी तोंडी विचारू नका. नणंदेच्या सहीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. मात्र भरती रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं सांभाळायचं बंधन आहे. नणंदेचं पहिलं मूल आता केवढं आहे?

गोदाकाठची

दिवाळीत तीन पूर्ण होतील. म्हणजे अजून मुदतीत आहे. ती आली की पहिल्याच दिवशी अर्जावर सही घेते.

सातपूरकर

तोवर जुन्या मेडिकलवाल्याला विचारून बघा. आमच्या वेळची गोळ्यांची नावं त्याच्या बिलाच्या कॉम्प्युटरवर सापडली होती.

गोदाकाठची

हे डोक्यातच आलं नव्हतं. दुकान अजून आहे. जाते.